मज्जापेशी स्रवते तेव्हा

मज्जापेशीने संदेश वाहावा, ग्रंथीने स्रवावे, ही वाटणी एके काळी पक्की होती. त्यामुळे १९२८ साली अर्न्स्ट शारर यांनी माशाच्या मेंदूतील काही मज्जापेशी ग्रंथीसारख्या स्रवतात असे मांडले, तेव्हा ते फारसे कुणी मानले नाही. पेशींतले ते कण म्हणजे रोगाच्या किंवा मृत्यूनंतरच्या विघटनाच्या खुणा, असा आक्षेप होता. पत्नी बेर्टा यांनी तोच शोध अपृष्ठवंशीय प्राण्यांत घेतला. १९३७ मध्ये नाझी जर्मनी सोडून दोघे अमेरिकेत आले. तिथे बेर्टाबाईंनी कित्येक वर्षे वेतनाविना झुरळांवर काम केले. (विज्ञानाच्या इतिहासात ही बिनपगारी वर्षे सहसा तळटीपेतच उरतात.)

१९४९ मध्ये बार्गमान यांनी विशिष्ट रंजक वापरून हायपोथॅलॅमसपासून पिट्यूटरीपर्यंतचा स्रावमार्ग दाखवला आणि विरोध ओसरू लागला.

पण स्राव नेमका केव्हा व्हावा, हे कोण ठरवते? न्यूरोपेप्टाइड मुख्यतः पेशीच्या मूळ देहात घडते आणि मोठ्या पुटिकांत भरून तंतूच्या टोकाकडे जाते. एखाद्‌दुसऱ्या विद्युत-आवेगाने ती पुटिका क्वचितच रिती होते. आवेगांची सरबत्ती आणि तिने आत वाढलेले कॅल्शियम लागते. बाहेर पडलेले पेप्टाइड पुन्हा आत घेऊन वापरण्याची सोय नाही. विकरे त्याचे तुकडे करतात आणि नवा साठा दुरून यावा लागतो. खर्चात एवढा हात आखडता का, ते इथे कळते.

उंदरिणीला पिले लुचत असतात, तरी ऑक्सिटोसिनच्या पेशी बराच काळ संथच असतात. मग काही मिनिटांनी त्या सगळ्या जवळपास एकाच क्षणी उसळतात, आणि पान्हा फुटतो.