कॉम्प्युटर मध्येच बंद पडतोय? पार्ट बदलण्याआधी एवढं तपासून घ्या

पीक विम्याचा फॉर्म निम्मा भरून झालाय, शेवटची तारीख जवळ आलीय, दारात माणसं उभी आहेत आणि कॉम्प्युटर अचानक बंद! पुन्हा चालू केला की तासभर नीट चालतो, मग परत तेच. सेवा केंद्र असो, शाळेची लॅब असो की पतसंस्था, अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘विंडोज नवीन टाका’ नाहीतर ‘मदरबोर्ड गेलाय’. पण कारण न शोधता पार्ट बदलला तर पैसे जातात आणि बिघाड तसाच राहतो.

आधी बॅकअप, मग वही

मशीन चालू आहे तोवर महत्त्वाच्या फाइल पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्या. त्यानंतर दोन-तीन दिवस वहीत नोंद ठेवा. किती वाजता बंद पडला, काय काम चालू होतं, झटक्यात बंद झाला, निळा स्क्रीन आला की नुसताच हँग झाला? निळ्या स्क्रीनवरच्या मजकुराचा मोबाइलवर फोटो काढा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल पॉवर ४१’ अशी नोंद दिसते. तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन झालं नाही. त्यावरून एसएमपीएस खराब आहे असं ठरवू नका.

१. वीज आणि यूपीएस

प्रिंट देतानाच बंद पडत असेल तर लेझर प्रिंटर यूपीएसवर लावलाय का ते बघा. तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो आणि छोट्या यूपीएसला ते झेपत नाही. प्रिंटर वेगळ्या सॉकेटवर घ्या. लाइट गेल्याबरोबर मशीनही बंद होत असेल तर यूपीएसची बॅटरी उतरलेली असू शकते. अर्थिंग आणि व्होल्टेज वायरमनकडून तपासून घ्या.

२. धूळ आणि उष्णता

दुपारी किंवा जड काम चालू असतानाच बंद पडतो? प्लग काढून कॅबिनेट उघडा. हीटसिंकमधली धूळ ब्लोअरने उडवा, पण तेव्हा फॅन बोटाने धरून ठेवा. मशीन सुरू केल्यावर फॅन फिरतोय ना ते बघा. ‘एचडब्ल्यूमॉनिटर’ हे मोफत सॉफ्टवेअर तापमान दाखवतं. प्रोसेसर सारखा ९० अंशांच्या पुढे जात असेल तर थर्मल पेस्ट बदलून घ्या.

३. रॅम

दर वेळी वेगळाच निळा स्क्रीन येत असेल तर रॅमवर संशय घ्या. प्लग काढून रॅम बाहेर काढा, तिचे सोनेरी पॉइंट खोडरबराने हलके पुसा आणि घट्ट बसवा. स्टार्ट मेन्यूमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून टेस्ट लावा. खात्रीसाठी ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर चालवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. एकच रॅम दोन्ही स्लॉटमध्ये त्रास देत असेल तर रॅम खराब. दोन्ही रॅम एकाच स्लॉटमध्ये त्रास देत असतील तर स्लॉट खराब.

४. हार्ड डिस्क

मशीन अडकतं, फाइल उघडायला वेळ लागतो, कटकट आवाज येतो? ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’मध्ये डिस्कची तब्येत बघा. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तर वाट न बघता डेटा हलवा. त्याआधी केबल बदलून बघायला हरकत नाही, ती स्वस्त असते.

५. एसएमपीएस आणि मदरबोर्ड

इथवर काही सापडलं नाही तर ओळखीच्या दुकानातून चांगला एसएमपीएस तात्पुरता लावून बघा. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवी. एसएमपीएस स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेत का ते बघा. फुगले असतील तरच मदरबोर्डच्या खर्चाचा विचार करा, नाहीतर त्याचा नंबर सगळ्यात शेवटी.

एका वेळी एकच बदल

रॅमही पुसली, एसएमपीएसही बदलला आणि मशीन चालू लागलं, तर नेमका दोष कशात होता ते कळत नाही. एक बदल करा, दोन दिवस वापरा, वहीत लिहा. दुकानात जाताना ती वही सोबत न्या. काय काय तपासून झालंय हे कारागिराला समजलं की त्याचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसेही.