सत्तर मीटर खोलीवरचा नांगर

१/ सन १९१३. एजियन समुद्रातील कार्पाथोस बेटाजवळ ‘रेजिना मार्गेरिता’ या इटालियन युद्धनौकेचा नांगर समुद्रतळाशी गेला. खोली ७० मीटरांहून अधिक. तो शोधण्याचे काम सिमी बेटावरील एका पाणबुड्याने पत्करले. त्याचे नाव स्टाथिस हात्झिस; व्यवसाय समुद्रातील स्पंज काढण्याचा.

२/ त्याच्याजवळ ना हवेची नळी होती, ना शिरस्त्राण. हातातला जड दगड त्याला खाली नेणार आणि दोरी वर ओढणार. जहाजावरील वैद्यकीय तपासणीत त्याच्या कानांचे पडदे निकामी आढळले. जमिनीवर तर त्याला एक मिनिटही श्वास रोखता आला नाही.

३/ रॉबर्ट बॉइलचा नियम १६६२ पासून ज्ञात होता: तापमान स्थिर असता दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. समुद्रात दर १० मीटरला सुमारे एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे छातीतली ६ लिटर हवा १० मीटरांवर ३ लिटर, ३० मीटरांवर दीड, तर ७० मीटरांवर अवघी पाऊण लिटर!

४/ पेच इथेच होता. पूर्ण उच्छ्वासानंतरही फुप्फुसांत सुमारे दीड लिटर हवा उरते. बरगड्यांचा पिंजरा त्याहून फारसा आक्रसत नाही. या हिशेबाने ३०-४० मीटरांपलीकडे छाती चेपली जायला हवी.

५/ हात्झिसने पुन्हा पुन्हा बुड्या मारल्या, नांगर शोधला आणि तो जिवंत वर आला.

६/ उलगडा झाला १९६८ मध्ये. रॉबर्ट क्रॉफ्ट हा अमेरिकी नौदलात पाणबुडीतून सुटकेचे प्रशिक्षण देत असे. कार्ल शेफर व सहकाऱ्यांनी त्याच्या बुडीदरम्यान मोजमापे घेतली. खोलीवर सुमारे एक लिटर रक्त छातीकडे सरकत होते. हवा आक्रसल्याने पडणारी पोकळी, दाबाने न आक्रसणारे रक्त भरून काढत होते. त्याच वर्षी क्रॉफ्ट ७३ मीटरांपर्यंत गेला.

७/ बॉइलचा नियम अबाधितच राहिला. चुकले ते छातीला बंद डबी मानणारे गणित. या बचावालाही मर्यादा आहे; ती ओलांडल्यास फुप्फुसांत रक्तस्राव होतो.

८/ स्पंज काढणाऱ्यांनी हे ज्ञान शरीर झिजवून मिळवले होते. कानाच्या पडद्यामागेही हवाच असते; हात्झिसचे निकामी पडदे ही त्याच दाबाची खूण होती. ती तपासणीत नोंदली गेली, पण तिच्यामागचा माणूस इतका खोल कसा जातो, हे समजायला आणखी ५५ वर्षे लागली.