बहुमत आणि गैरहजर माणसें

ज्युबिलीच्या या स्मरणिकेसाठीं धर्मग्रामाचा इतिहास लिहावा, असें मंडळानें आम्हांस सुचविलें. म्हणून सभांचीं जुनीं वृत्तपुस्तकें चाळीत बसलों. त्यांत एक वाक्य पानोपानीं भेटलें : ठराव बहुमतानें मंजूर. ज्यांचीं मतें कमी पडलीं त्यांचें म्हणणें काय होतें, हें एका नोंदीखेरीज कोठेंही लिहिलेलें नाहीं. त्या नोंदीकडे पुढें येऊं.

संख्येनें कमी असणें म्हणजे काय, हें बीड जिल्ह्यास कोणीं शिकवावयास नको. 17 सप्टेंबर 1948 रोजीं निजामाचें सैन्य शरण आलें, तोंवर येथील मराठी माणूस हैदराबाद संस्थानांत भाषेनें अल्पसंख्य होता. संख्येनें मोठी भाषा तेलुगू. दरबार आणि उस्मानिया विद्यापीठ उर्दूचें. पुढें मराठी भाषिकांच्या राज्यांत जाण्याची ओढ लागली, ती स्वाभाविकच होती. परंतु तेथेंही पांच जिल्ह्यांचा मराठवाडा मोजणींत लहानच ठरणार, हें जाणत्यांनीं ओळखलें. म्हणून 28 सप्टेंबर 1953 रोजीं नागपूर करार झाला. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण प्रभृतींनीं त्यावर सह्या केल्या. निधीची वांटणी लोकसंख्येच्या प्रमाणांत व्हावी, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष पुरवावें, नोकऱ्यांत व उच्च शिक्षणांत सर्व विभागांना वांटा मिळावा, आणि सरकारनें वर्षांतून कांहीं काळ नागपुरास मुक्काम करावा, असें ठरलें. 1956 सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. त्याच वर्षीं विभागवार विकास मंडळें स्थापण्याची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकतां यावी, अशी सोय घटनेच्या 371 व्या कलमांत झाली.

नागपूरचें अधिवेशन 1960 पासून भरूं लागलें. अधिवेशन डोळ्यांना दिसतें. निधीचें तसें नव्हे. 1984 सालीं प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीनें हिशेब मांडला, तेव्हां मराठवाड्याचा अनुशेष सुमारें 750 कोटी रुपये निघाला. विकास मंडळें आलीं तीं 1994 सालीं, आणि 30 एप्रिल 2020 रोजीं त्यांची मुदत सरली. वचन देणारे खोटे होते, असें आम्ही म्हणत नाहीं. वचन पाळलें जातें कीं नाहीं, हें दरवर्षीं पाहणारें मंडळ चार दशकें नव्हतें, एवढेंच.

धर्मसभेलाही हा धडा सहज मिळाला नाहीं. 1159 सालीं पोपपदावर दोघांची निवड होऊन ती दुभंगली. त्यानंतर 1179 च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेनें दोनतृतीयांश मतें आवश्यक केलीं. 1983 च्या विधिसंहितेचें 119 वें कलम तर अधिकच सूक्ष्म आहे. ज्यांना बोलावणें अवश्य आहे त्यांपैकीं बहुसंख्य हजर असतील, तरच हजर असलेल्यांचें बहुमत बंधनकारक. आणि जी गोष्ट प्रत्येकास व्यक्तिशः स्पर्श करते, तिला सर्वांचीच संमति पाहिजे. धर्मग्राम मंडळाचें मत केवळ सल्ल्याचें. म्हणून हा नियम आपणांस अक्षरशः लागू नाहीं. तथापि त्यांतील विवेक लागू आहे.

सेमिनरींत हें पाठ करूनही आम्हीं तें विसरलों. एका डिसेंबरांत सभा बोलावली आणि वाडीवरील रविवारचें मिस्साबलिदान बंद करून तें मुख्य मंदिरांत करावें, असा ठराव मांडला. हात मोजले, विरोधी एकही नाहीं. असणार कोठून? वाडीचीं बहुतेक कुटुंबें कोयते घेऊन ऊसतोडीस गेलीं होतीं. पाडव्याच्या सुमारास तीं परतलीं, तेव्हां एका वृद्ध बाईंनीं आम्हांस विचारलें, "फादर, आम्ही नसतानाच मोजलं व्हय?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

मे महिन्यांत सभा पुन्हां भरविली, तीही वाडीवरच. महिन्यांतून दोन रविवार तेथें मिस्साबलिदान व्हावें, असें ठरलें. पूर्णपणें मनासारखें कोणाचेंच झालें नाहीं. गाडीच्या खर्चावरून कुरकूर अद्यापि चालते. त्या दिवशीं वृत्तपुस्तकांत विरोधकांचें म्हणणें नांवांसह लिहून घेतलें. तें साडेतीन पानें भरलें. आतां ऊसतोडीच्या मोसमांत मंडळाची सभा ठेवीत नाहीं.