अभिजात ख्रिस्ती शिक्षण

अभिजात ख्रिस्ती शिक्षण ही ग्रीक-रोमन विद्यापरंपरा आणि ख्रिस्ती धर्मशिक्षण यांचा मेळ घालणारी शालेय शिक्षणपद्धती आहे. तिचे आधुनिक रूप विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत, मुख्यतः प्रोटेस्टंट समाजात, उदयास आले. खाजगी शाळा, गृहशिक्षण आणि या दोहोंचे मिश्रण असलेल्या शाळांमधून ती राबवली जाते. शिक्षणाचा हेतू उपजीविकेपुरता मर्यादित नसून विचारशक्ती व सद्गुण यांची जडणघडण हा आहे, अशी तिची मूळ भूमिका आहे.

पार्श्वभूमी

मध्ययुगीन युरोपातील अभ्यासक्रम सात उदार कलांवर आधारलेला होता. त्यांपैकी व्याकरण, तर्कशास्त्र आणि वक्तृत्वशास्त्र या तीन कलांना ‘ट्रिव्हियम’, तर अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र या चार कलांना ‘क्वाड्रिव्हियम’ म्हणत. ख्रिस्तपूर्व विद्येचा स्वीकार करावा की नाही, हा वाद ख्रिस्ती धर्मात प्राचीन आहे. अथेन्सचा जेरुसलेमशी काय संबंध, असा प्रश्न टर्टुलियनने उपस्थित केला होता. याउलट, इस्राएली लोकांनी इजिप्तमधून सोने नेले त्याप्रमाणे मूर्तिपूजकांच्या विद्येतील सत्य ख्रिस्ती लोकांनी घ्यावे, असे मत संत ऑगस्टीनने मांडले. आजच्या शाळा ऑगस्टीनच्या मताचा आधार घेतात.

इतिहास

इंग्लिश लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्ड येथे ‘द लॉस्ट टूल्स ऑफ लर्निंग’ हे व्याख्यान दिले. विद्यार्थ्यांना विषय शिकवले जातात, पण शिकावे कसे हे शिकवले जात नाही, असा त्यांचा आक्षेप होता. अध्यापनाचा आपला अनुभव अत्यल्प असल्याचे आणि सुचवलेल्या सुधारणा अमलात येण्याची शक्यता फारच कमी असल्याचे त्यांनी व्याख्यानातच नमूद केले होते.

सुमारे साडेतीन दशकांनंतर अमेरिकेत या विचारावर आधारित शाळा निघू लागल्या. कॅन्सस राज्यातील टोपीका येथे १९८० मध्ये केअर पॅरावेल लॅटिन स्कूल आणि आयडाहो राज्यातील मॉस्को या गावी १९८१ मध्ये लोगोस स्कूल सुरू झाले. लोगोसच्या संस्थापकांपैकी एक असलेले पाद्री डग्लस विल्सन यांच्या १९९१ मधील पुस्तकामुळे चळवळीचा प्रसार झाला. पुढे अशा शाळांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. जेसी वाइज आणि सुझन वाइज बॉवर या मायलेकींच्या ‘द वेल-ट्रेन्ड माइंड’ (१९९९) या पुस्तकाने ही पद्धत घरी शिकवणाऱ्या कुटुंबांपर्यंत पोहोचवली.

अध्यापनपद्धती

सेयर्स यांनी ट्रिव्हियमच्या तीन कला बालवयाच्या तीन टप्प्यांशी जोडल्या. प्राथमिक वर्गांत पाठांतराची आवड हेरून पाढे, सनावळ्या, बायबलमधील वचने आणि लॅटिन शब्दरूपे मुखोद्गत करून घेतात. किशोरवयात मुले वाद घालू लागतात, तेव्हा त्यांना तर्कशास्त्र व तर्कदोष शिकवले जातात. शेवटच्या वर्षांत लेखन, वक्तृत्व आणि मूळ ग्रंथांवरील चर्चा यांवर भर असतो. होमर, व्हर्जिल, प्लेटो, ऑगस्टीन व दान्ते यांचे वाचन अनेक शाळांत होते.

पालकांची कारणे

अपत्यांच्या शिक्षणाची जबाबदारी प्रथम मातापित्यांची आहे, हे धार्मिक कारण अग्रस्थानी असते. त्यासाठी बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा सहावा अध्याय आणि इफिसकरांस लिहिलेले पत्र यांचा दाखला दिला जातो. या पत्रात मुलांच्या संगोपनासंदर्भात ‘पायडिया’ हा ग्रीक शब्द आला आहे. त्यात शिस्त, शिक्षण आणि संस्कार हे सर्व अर्थ सामावतात.

दुसरे कारण सरकारी शाळांविषयीच्या असमाधानाचे आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ आणि १९६३ च्या निकालांद्वारे सरकारी शाळांतील शाळापुरस्कृत प्रार्थना व बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले. मुलांना खाजगी शाळेत घालण्याचा पालकांचा हक्क मात्र याच न्यायालयाने १९२५ सालीच मान्य केला होता. धार्मिक कारणांखेरीज कसदार वाचन, लेखनाचा सराव, लहान वर्ग आणि वर्गातील पडद्यांचा मर्यादित वापर यांमुळेही पालक या शाळांकडे वळतात.

शिक्षकांची कारणे

प्रमाणित परीक्षांच्या दडपणातून मोकळीक, संपूर्ण ग्रंथ शिकवण्याची संधी आणि इतिहास, साहित्य व धर्मशास्त्र यांची सांगड घालण्याचे स्वातंत्र्य ही शिक्षकांची प्रमुख कारणे आहेत. अनेक राज्यांत खाजगी शाळेतील अध्यापनासाठी शासकीय परवाना सक्तीचा नसल्याने विषयाचे पदवीधर थेट या क्षेत्रात येतात. त्याच वेळी, अमेरिकेतील खाजगी शाळांचे वेतन सरकारी शाळांच्या तुलनेत सरासरी कमी असते.

टीका

तीन टप्प्यांचा सिद्धान्त ऐतिहासिक ट्रिव्हियमशी जुळत नाही, असा आक्षेप चळवळीतील अभ्यासकांनीही घेतला आहे. मध्ययुगात त्या तीन विद्या होत्या, वयाच्या पायऱ्या नव्हत्या. ग्रंथयादी पाश्चात्त्य आणि बहुतांशी पुरुष लेखकांपुरती राहते, अशीही टीका होते. विल्सन यांनी स्टीव्ह विल्किन्स यांच्यासह १९९६ मध्ये लिहिलेल्या, दक्षिणेतील गुलामगिरीचे सौम्य चित्रण करणाऱ्या पुस्तिकेवर इतिहासकारांनी कठोर टीका केली. दुसरीकडे, अभिजात विद्या ही केवळ श्वेतवर्णीयांची मिरास नव्हती, याकडे अनिका प्रेथर आणि एंजल परम यांनी २०२२ च्या ग्रंथात लक्ष वेधले. लॅटिन व ग्रीक शिकवलेले डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस आणि लॅटिनच्या शिक्षिका अ‍ॅना जुलिया कूपर हे या कृष्णवर्णीय परंपरेचे मानकरी होत.

शुल्क हा कळीचा प्रश्न आहे. काही शाळा शिष्यवृत्ती देतात, तर काही आठवड्यातून दोन-तीन दिवसच वर्ग भरवून उरलेले अध्यापन पालकांवर सोपवतात; त्यासाठी घरातील एका व्यक्तीला वेळ काढावा लागतो. अ‍ॅरिझोना (२०२२) आणि फ्लोरिडा (२०२३) या राज्यांनी खाजगी शिक्षणासाठीचे सरकारी अर्थसाहाय्य सर्व विद्यार्थ्यांना खुले केले. त्यामुळे अधिक कुटुंबांना हा पर्याय उपलब्ध झाला असला, तरी सार्वजनिक निधी धार्मिक शाळांकडे वळवावा का, हा वाद तीव्र झाला आहे.

हे सुद्धा पहा

गृहशिक्षण
डोरोथी सेयर्स
लॅटिन भाषा