एस. ७९५
१. अरेबिका कॉफीचा हा वाण चिकमगळूर जिल्ह्यातील बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात १९४०च्या दशकात तयार झाला. पानांच्या खालच्या बाजूस नारिंगी भुकटी धरून झाडाची पानगळ करणाऱ्या तांबेरा या बुरशीजन्य रोगाला तोंड देता यावे, म्हणून लिबेरिका या चिवट जातीचा अंश असलेल्या एस. २८८ या वाणाचा म्हैसूर प्रांतातच निवडलेल्या ‘केंट’ या चवदार अरेबिकाशी संकर करण्यात आला. रोगाशी झुंजण्यासाठी घडवलेल्या वाणाने चवही राखावी, हे या संकराचे खरे यश होय. मध्यम भाजलेल्या बियांच्या कॉफीत रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीचा कडवट जडपणा नसतो, तर सौम्य आंबटपणा आणि जाणकार ज्याला ‘मोका’ म्हणतात तो मसालेदार, कोकोच्या जवळ जाणारा गंध आढळतो. चिकोरी मिसळलेल्या फिल्टर कॉफीत तो बराचसा झाकला जात असल्यामुळे तिच्यावरून या वाणाची पारख करणे योग्य ठरत नाही.