ई-स्कूटर : बॅटरी तपासली, मुठीचे काय?

प्रतिनिधी, पालघर

वसई पूर्वेतील एका घरात सप्टेंबर २०२२ मध्ये चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. त्यात गंभीर भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा उपचार सुरू असताना मृत्यू झाला. त्याच वर्षी पुण्यासह देशाच्या अनेक भागांत ई-स्कूटरना आगी लागल्याच्या घटना घडल्या होत्या. केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली, बॅटरीविषयीची मानके कडक केली आणि ती १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. तेव्हापासून ई-स्कूटरची सुरक्षितता म्हणजे बॅटरीची सुरक्षितता, असे समीकरणच होऊन बसले आहे.

बॅटरीची काळजी रास्तच आहे. परंतु गाडी रस्त्यावर असताना चालकाचा जीव हँडलवरच्या चार-पाच साध्या वस्तूंवर अवलंबून असतो. वेग देणारी मूठ, ब्रेकच्या दोन पट्ट्या, चालू-बंद करण्याचे बटण आणि साइड स्टँडचा स्विच या त्या वस्तू. मोटरची ताकद वाढत गेली तसे या वस्तूंचे महत्त्वही वाढले. त्यांची चर्चा मात्र फारशी होत नाही.

रोजचा रस्ता

बोईसर रेल्वे स्थानक आणि तारापूर औद्योगिक वसाहत यांच्यामधील अंतर दुचाकीने काही मिनिटांचे. कारखान्यांच्या पाळ्या बदलतात तेव्हा सायकली, दुचाकी, रिक्षा, कामगारांच्या बस, रसायनांचे टँकर आणि मालाचे ट्रेलर एकाच रस्त्यावर येतात. एका बाजूला चिल्हार फाट्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जाणारी अवजड वाहतूक, तर दुसऱ्या बाजूला पालघरकडे आणि चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्याकडे जाणारे रस्ते. जाऊन-येऊन थोडेच अंतर आणि रात्री घरी चार्जिंग, अशा वापराला ई-स्कूटर सोयीची. मात्र पावसाळ्याचे चार महिने रस्ता ओला, खड्डे पाण्याखाली आणि पुढचे वाहन कधी थांबेल याचा नेम नाही. अशा ठिकाणी गाडी किती वेगाने पळते यापेक्षा ती चालकाचे किती अचूक ऐकते, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

केबल गेली, संदेश आला

पेट्रोलच्या जुन्या स्कूटरवर मूठ पिळली की एक तारेची केबल ओढली जाते आणि कार्बुरेटरची झडप उघडते. मूठ सोडली की स्प्रिंग ती मागे आणते. केबल अडकली तर हाताला जड लागते. म्हणजेच बिघाड बहुधा आधी जाणवतो.

ई-स्कूटरमध्ये अशी केबल नसते. मुठीच्या आत एक लहान चुंबक आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र ओळखणारा ‘हॉल सेन्सर’ असतो. मूठ जितकी पिळावी तितका सेन्सरचा विद्युतदाब वाढतो. सेन्सरला साधारण ५ व्होल्टचा पुरवठा असतो आणि त्याच्याकडून येणारा संदेश सुमारे ०.८ ते ४.२ व्होल्ट या दरम्यान फिरतो. हा संदेश ‘कंट्रोलर’ वाचतो आणि मोटरला किती वीज द्यायची ते ठरवतो. म्हणजे चालक मुठीतून फक्त मागणी नोंदवतो, निर्णय कंट्रोलरचा असतो.

धोका नेमका येथे आहे. सेन्सरची जमिनीची, म्हणजे अर्थची, वायर तुटली तर संदेशाचा दाब थेट ५ व्होल्टच्या जवळ चढू शकतो. साध्या कंट्रोलरला तो ‘मूठ पूर्ण पिळली आहे’ असाच वाटतो. हात मोकळा असताना गाडी पूर्ण जोराने सुटण्यामागे असे कारण असू शकते. चांगल्या रचनेत यावर उपाय असतो. संदेश ठरलेल्या मर्यादेच्या वर किंवा खाली गेला की कंट्रोलर तो बिघाड समजतो आणि मोटर बंद करतो. याहून चांगल्या रचनेत मुठीत दोन स्वतंत्र सेन्सर बसवलेले असतात व दोघांचे उत्तर जुळले नाही तर गाडी जोर घेत नाही. गाडी सुरू करतानाच मूठ पिळलेली आढळली, तरीही ती जागची हलता कामा नये.

हँडलच्या आतील वायरी दररोज शेकडो वेळा वळतात. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या, दमट हवेत वायरीच्या जोडांना गंज लवकर चढतो. सर्व्हिसिंगच्या वेळी चाके आणि ब्रेक पाहिले जातात, तसे हे जोडही पाहून घ्यायला हवेत.

शून्यापासून जोर

पेट्रोल स्कूटर सुरू असली तरी जागेवर घरघरत उभी राहते. इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेपलीकडे वाढल्यावरच तिचा क्लच पकडतो. विजेच्या मोटरचे तसे नाही. तिचा जोर शून्य वेगापासून उपलब्ध असतो आणि ती चालू आहे की बंद, हे कानाला कळत नाही. घरासमोर चावी फिरवून ठेवलेली गाडी, पुढे पायठेवणीवर उभे असलेले मूल आणि मुलाने सहज धरलेली मूठ, हे दृश्य कोणत्याही सोसायटीच्या आवारात दिसणारे आहे. पार्किंगच्या गर्दीतून गाडी ढकलत बाहेर काढताना उजवा हात नकळत मुठीवर पिळला जाणे, हा प्रकारही तितकाच सहज घडणारा.

हा धोका मानके ठरवणाऱ्यांनी ओळखलेला आहे. दुचाकी व तीनचाकी विद्युत वाहनांसाठीचे ‘एआयएस-१५६’ हे भारतीय मानक संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १३६ वर बेतलेले आहे. त्या नियमाचा गाभा साध्या शब्दांत असा : गाडी चालण्याच्या स्थितीत यायची तर चालकाने किमान दोन वेगवेगळ्या कृती जाणीवपूर्वक केल्या पाहिजेत. त्या स्थितीतून बाहेर पडायला मात्र एकच कृती पुरेशी असावी. मोटरची ताकद आपोआप कमी झाली तर चालकाला तसे कळले पाहिजे. गाडी पुढे जात असताना मागे जाण्याची सोय सुरू होता कामा नये.

म्हणूनच आज अनेक गाड्यांत चावी फिरवून भागत नाही. ब्रेक दाबून धरायचा आणि मग बटण दाबायचे, तेव्हाच ती ‘तयार’ होते. साइड स्टँड खाली असेल तर मोटर हलत नाही. काही गाड्या थोडा वेळ उभ्या राहिल्या की स्वतःहून पार्किंग स्थितीत जातात. नव्या ग्राहकाला ही कटकट वाटते. तथापि ती काढून टाकण्याची मागणी मेकॅनिककडे करणे म्हणजे दाराची कडी काढून ठेवण्यासारखे आहे.

उजव्या हाताची दोन कामे

आपल्याकडील स्कूटरवर उजव्या हाताकडे वेग देणारी मूठ आणि पुढचा ब्रेक, अशी दोन्ही कामे असतात. समोर अचानक कोणी आले की घाबरलेला हात ब्रेकची पट्टी खेचतो आणि त्याच ओढीत मूठही पिळली जाते. पेट्रोल गाडीत इंजिनाचा आवाज चढतो व चूक लक्षात येते. विजेच्या गाडीत तो इशारा नाही.

यावरचा उपाय म्हणजे ब्रेकच्या पट्टीतील स्विच. कोणतीही पट्टी दाबली गेली की मुठीचा संदेश काहीही असो, मोटरचा जोर तुटला पाहिजे. हा स्विच अवघ्या काही रुपयांचा, पण अडचणीच्या क्षणी सर्वांत मोलाचा. पाणी शिरून तो बिघडला, किंवा हँडल बदलताना त्याची वायर जोडायची राहून गेली, तर एरवी काहीच जाणवत नाही. जाणवते ते नेमके घाबरून ब्रेक दाबल्यावर.

दुसरी बाब मोटरच्या साहाय्याने होणाऱ्या ब्रेकिंगची. मूठ सोडली की मोटर जनित्रासारखी काम करते, गाडीचा वेग घटतो आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. चालकाला या आयत्या ब्रेकची सवय लागते. परंतु बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवायला जागा नसते, म्हणून कंट्रोलर हे ब्रेकिंग कमी करतो किंवा थांबवतो. रात्रभर चार्ज करून सकाळच्या पाळीला निघालेल्या माणसाला घराजवळच्या पहिल्याच उतारावर गाडी अधिक मोकळी सुटल्यासारखी वाटते, ती यामुळे. शिवाय हे ब्रेकिंग सहसा मागच्याच चाकावर होते. ओल्या रस्त्यावर, तेल सांडलेल्या वळणावर मूठ झटक्यात सोडली तर मागचे चाक घसरू शकते.

भारतात १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींना त्यांच्या क्षमतेनुसार दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी ‘सीबीएस’ किंवा चाक जाम होऊ न देणारी ‘एबीएस’ यंत्रणा बंधनकारक झाली. बहुतेक ई-स्कूटरमध्ये सीबीएस असते. एबीएस अलीकडे काही महागड्या गाड्यांतच दिसू लागले आहे. मुठीच्या रचनेतही बदल होत आहेत. एथर कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये आणलेल्या ‘४५० एपेक्स’ गाडीची मूठ शून्याच्याही मागे फिरवता येते व तेवढ्याने मोटरचे ब्रेकिंग वाढवता येते. याच कंपनीने २०२५ मध्ये मागचे चाक जागेवर फिरू नये म्हणून पाऊस, साधा रस्ता आणि कच्चा रस्ता अशा वेगवेगळ्या स्थितींसाठी नियंत्रण दिले.

सोयी वाढल्या तशी गुंतागुंतही वाढली. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीनंतर मुठीचा प्रतिसाद किंवा मोटरचे ब्रेकिंग बदलू शकते. त्यामुळे नवी आवृत्ती घेतल्यावर पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, सावकाश मारणे शहाणपणाचे.

वेग दुप्पट, अंतर चौपट

जोरदार गाडीचे गणित शाळेतल्या पदार्थविज्ञानाचे आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. चालकाला धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो आणि रस्ता बरा आहे, असे धरले तर ताशी २५ किलोमीटर वेगाची गाडी सुमारे १२ मीटरमध्ये थांबेल. ताशी ५० किलोमीटरला सुमारे ३३ मीटर लागतील आणि ताशी ८० किलोमीटरला सुमारे ७२ मीटर. ओल्या रस्त्यावर हे आकडे आणखी वाढतात.

नोंदणीबाहेरची ‘ताकदवान’ गाडी

हे गणित कायद्यानेही विचारात घेतले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची अर्ध्या तासाची क्षमता २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती दुचाकी ‘मोटार वाहन’ मानली जात नाही. तिला नोंदणी वा परवाना लागत नाही. मात्र ही सवलत अधिकृत संस्थेकडून तपासून मंजूर झालेल्या नमुन्यालाच मिळते. पुण्याची ‘एआरएआय’ ही अशा संस्थांपैकी एक.

अडचण आहे ती या सवलतीच्या आडून विकल्या जाणाऱ्या वेगवान गाड्यांची. कागदावर २५० वॉट, प्रत्यक्षात अधिक ताकदीची मोटर किंवा वेगमर्यादा काढून टाकलेला कंट्रोलर. राज्याच्या परिवहन विभागाने मे २०२२ मध्ये अशा बेकायदा बदल केलेल्या ई-बाइकविरुद्ध कारवाईचे आदेश दिले होते. प्रश्न केवळ बुडणाऱ्या कराचा नाही. जिचे ब्रेक, टायर आणि सांगाडा ताशी २५ किलोमीटरसाठी घडवलेला आहे, ती गाडी ताशी ५० ने धावू लागते. मुठीचा संदेश तपासणारी, ब्रेक दाबताच जोर तोडणारी रचना तिच्या नव्या कंट्रोलरमध्ये आहे की नाही, हे कोणीही तपासलेले नसते.

कायद्याच्या दृष्टीने असा बदल केलेली गाडी नोंदणीविना चालणारे मोटार वाहन ठरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती असेल आणि गुन्हा घडला, तर कलम १९९-अ नुसार पालकाला वा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सर्वांत मोठा फटका विम्याचा. नोंदणी नाही म्हणजे तृतीय पक्ष विमाही नाही. अशा गाडीने पादचाऱ्याला उडवले तर भरपाईचा भार मालकाच्या घरावर येतो, आणि त्याची ऐपत नसेल तर जखमीच्या पदरी काहीच पडत नाही.

स्वस्तात मिळालेला वेग असा महाग पडू शकतो.

खरेदीपूर्वी हे तपासा

• गाडी मधल्या स्टँडवर लावून मूठ हलकी पिळा व ब्रेकची पट्टी दाबा. चाकाचा जोर तत्काळ तुटला पाहिजे. दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या तपासा.

• मूठ सोडल्यावर ती स्वतःहून, न अडकता शून्यावर यावी. हँडल पूर्ण डावीकडे व उजवीकडे वळवूनही हे पाहा.

• मूठ पिळून धरून गाडी सुरू करण्याचा प्रयत्न मधल्या स्टँडवरच करा. चाक फिरता कामा नये.

• साइड स्टँड खाली असताना मोटर हलते का, ते पाहा.

• गाडी बंद करण्याचे बटण न पाहता अंगठ्याला सापडते का? आवश्यक नियंत्रणे केवळ टचस्क्रीनवर असतील तर ती चालताना वापरणे धोक्याचे.

• वेग ताशी २५ किलोमीटरहून अधिक असेल तर हिरवी नंबरप्लेट, नोंदणी आणि विमा हवाच. पालघर जिल्ह्यात नोंदणीचा क्रमांक ‘एमएच-४८’ ने सुरू होतो.

• मुलाला पुढे उभे करून नेऊ नका. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी पट्टा व हेल्मेट बंधनकारक असून अशा वेळी वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर आहे.

• थांबून गाडीवरून उतरताना, अगदी एका मिनिटासाठी असले तरी, आधी गाडी बंद करा.