कंडक्टर बटणांवर बसला तेव्हा

होम थिएटरवर सिनेमा लावला की आमच्या घरी एकच ओरड: संवाद ऐकू येत नाहीत. आवाज वाढवावा, तर पुढच्याच मारामारीत शेजारी दार वाजवतात! उपाय रिमोटच्या मेनूत आहे, पण त्याची गोष्ट थेट १९३३ सालची.

२७ एप्रिलला ऑर्केस्ट्रा वाजत होता फिलाडेल्फियात आणि श्रोते बसले होते वॉशिंग्टनला. बेल लॅब्जने डावा, मधला, उजवा असे तीन वेगळे आवाज टेलिफोनच्या तारांवरून तिकडच्या तीन स्पीकर्सपर्यंत नेले. आणि कंडक्टर लिओपोल्ड स्टोकोव्स्की (एसटीचा नव्हे हं, ऑर्केस्ट्राचा!) वादकांसमोर नव्हताच. तो वॉशिंग्टनमध्ये बटणं फिरवत बसला होता.

मधला स्पीकर कशाला? दोनच असले, तर कडेला बसलेल्याला मधला आवाजही जवळच्या स्पीकरमधूनच येतोय असं वाटतं. पुढे सिनेमावाल्यांनी बहुतेक संवाद ह्या मधल्यालाच दिले.

म्हणून मुख्य व्हॉल्यूमला हात लावू नका, तो सगळंच वाढवतो. तुमच्या सिस्टीमला मधला स्पीकर असेल, तर 'सेंटर लेव्हल' शोधा आणि दोन-तीन डेसिबल वर घ्या. रात्री सबवूफर खाली.